बिऱ्हाड बिकानेरी

नोकरदार माणसाच्या आयुष्यात देव, दैव आणि हेड ऑफिस या तीन शक्तींपुढे काही इलाज चालत नाही. त्यातल्या पहिल्या दोघांना निदान नवस तरी बोलता येतो. तिसरीचा हुकूम आला की ट्रंका बांधायच्या. मराठी माणसाला बदली सहन होते ती औरंगाबादहून जालन्याला, फार तर नागपूरला. त्यापलीकडचा मुलूख त्याच्या लेखी तीर्थयात्रेसाठी राखून ठेवलेला असतो. त्यामुळे "माझी बिकानेरला बदली झाली" हे मी घरी जाहीर केलं तेव्हा घरात आधी शांतता पसरली आणि मग मामांनी विचारलं, "भुजियाचं बिकानेर?"

हा प्रश्न पुढे आठवडाभर निरनिराळ्या तोंडांतून ऐकला. एवढं मोठं शहर, २०११ च्या जनगणनेत साडेसहा लाखांच्या आसपास वस्ती मोजलेलं. पण आमच्या नातेवाइकांच्या नकाशावर ते एका शेवेच्या पुडक्यावर वसलेलं होतं. आत्यांनी तर "तिथं पाणी मिळतं का?" असं विचारून लगेच "नाहीतर आमच्या हिला पाठवू नकोस" असा निकालही देऊन टाकला. ('आमची ही' म्हणजे माझी सौ.; ती आत्यांची लाडकी सून. मी पाण्याविना राहिलो तरी आत्यांची हरकत दिसली नाही.)

नव्या गावात गेल्यावर शहाणा माणूस आधी दूधवाला शोधतो, मग कामवाली, मग दवाखाना. ही तिन्ही खाती सौ.नं घेतल्यामुळे माझ्याकडे इतिहास हे खातं उरलं. आणि इतिहास वाचता वाचता ध्यानात आलं, की या गावात बदली होऊन आलेला मी काही पहिला नाही. इथला मूळ पुरुषच मुळी बिऱ्हाड पाठीवर टाकून आला होता.

त्याचं नाव राव बिका. जोधपूर वसवणाऱ्या राव जोधांचा हा मुलगा. गोष्ट अशी सांगतात, की एकदा बिका दरबारात उशिरा आला आणि आपल्या कांधल नावाच्या काकांच्या कानाशी लागून कुजबुजत बसला. राव जोधा थट्टेनं म्हणाले, "आज काका-पुतण्यांची फार खलबतं चाललीत! नवा मुलूख जिंकायचा बेत आहे की काय?" आता असे टोमणे आमच्याही घरी होतात. वडील आम्हाला "मोठे कलेक्टरच लागून गेलास की नाही!" असं रोज म्हणायचे, म्हणून कुणी उठून कलेक्टर झालं नाही. पण रजपुताचं रक्त निराळं. काका-पुतणे उठले आणि १४६५ साली खरोखरच नवा मुलूख जिंकायला उत्तरेकडे निघाले. त्या वेळी खुद्द जोधपूर वसून सहाच वर्षं झाली होती. म्हणजे वडिलांच्या घराचा रंग अजून ओला होता आणि मुलगा वेगळं बिऱ्हाड करायला निघाला होता.

त्या काळी या भागाला जांगलदेश म्हणत. खुरटी झुडपं, वाळूचे टिब्बे, जाटांची गावं, पलीकडे भाटी रजपूत. बिकानं आधी कोडमदेसरला मुक्काम टाकला. जोधपूरजवळच्या मंडोरहून बरोबर आणलेल्या भैरवाची तिथं स्थापना केली आणि तिथंच किल्ला बांधायला काढला. पण भाट्यांची कटकट सुरू झाली. जागा बघायची, पसंत करायची, पायाभरणी करायची आणि मग शेजाऱ्यांच्या हरकतीमुळे सोडायची, हा अनुभव ज्याला आला असेल त्याला बिकाविषयी आपुलकी वाटेल. अखेर करणीमातेच्या आशीर्वादानं १४८८ साली शहर वसलं. १४६५ ते १४८८. माणूस घराच्या शोधात तेवीस वर्षं होता! आमच्या ब्रोकरनं तीन आठवडे लावले तेव्हा मी आकांडतांडव केलं होतं. हा हिशोब त्या वेळी ठाऊक असता तर त्याला चहा पाजला असता.

कोडमदेसरचा भैरव मात्र मागेच राहिला, आणि आजही तो उघड्यावर, छपराशिवाय बसलेला आहे. त्याला छप्पर चालत नाही असं लोक श्रद्धेनं सांगतात. मला वाटतं, ज्या देवाला धनी घेऊन आला, जागा दिली आणि मग स्वतःच दुसरीकडे राहायला गेला, त्या देवानं 'आता कशाला छप्पर घालता? उद्या पुन्हा हलवाल' असं म्हटलं असावं.

गावाच्या नावाचीही गोष्ट आहे. ज्याच्या जमिनीवर शहर उभं राहिलं त्या नेर किंवा नेरा नावाच्या जाटानं म्हणे अट घातली, की माझं नाव शहराच्या नावात आलं पाहिजे. म्हणून बिका अधिक नेर, बिकानेर. इतिहासकार या गोष्टीवर मान डोलवत नाहीत. पण जमीन देणाऱ्याचं नाव पाटीवर घालणारी गोष्ट खोटी असली तरी जपून ठेवावी, असं मला वाटतं.

पुढे राव जोधा गेले. भाऊबंदांचं राज्य आलं आणि मग जे आपल्याकडे सातबाऱ्यावरून होतं तेच तिथं झालं. बिकानं ठरलेल्या वडिलोपार्जित वस्तू मागितल्या. सिंहासन, छत्र, तलवार, नगारा, देवाच्या मूर्ती. जोधपूरच्या भावानं टाळाटाळ केली, तेव्हा बिका फौज घेऊनच जोधपूरला गेला आणि घरातल्या वडीलधाऱ्या राणीनं मध्ये पडून त्या वस्तू त्याला देववल्या. ख्यातींमधला हा प्रसंग वाचताना मला आमच्या वाड्यातल्या पितळी बंबाची वाटणी आठवली. तिथं फौज नव्हती, पण दोन वकील होते. आणि बंब अजून तिसऱ्याच काकांकडे आहे.

पण हसण्यावारी नेण्याजोगी नसलेली एक गोष्ट या गावात पहिल्या दिवसापासून आहे. ती म्हणजे पाणी.

वर्षाला पाऊस जेमतेम पंचवीस सेंटिमीटर, तोही आला तर. कोकणातला माणूस हा आकडा वाचून 'एका दुपारचा असेल' म्हणेल. इथल्या जुन्या विहिरी तीनशे फुटांहूनही खोल. मोट ओढायला उंट नाहीतर बैल जुंपायचे. ते चालत चालत इतके दूर जायचे, की इकडे मोट वर आली हे त्यांना हाकारून सांगावं लागे. पावसाचं पाणी धरायला घराच्या अंगणाखाली कुंड. आमचे घरमालक, ज्यांना आम्ही काकोसा म्हणतो, त्यांच्या चौकात असं कुंड आहे. पहिल्याच दिवशी त्यांनी दाखवलं. आपल्याकडे नव्या भाडेकरूला घरमालक मीटर आणि नियम दाखवतो. काकोसांनी झाकण उचलून, देव्हारा उघडावा तशा हातानं, आतलं काळंशार पाणी दाखवलं. म्हणाले, हे माझ्या आजोबांनी बांधलं. 'कुंड' म्हणाले, पण आवाज 'फिक्स्ड डिपॉझिट' म्हणतानाचा होता.

तूप सांडलं तरी काही बिघडत नाही, पाणी सांडलं तर जीव जळतो, अशी इथली म्हण आहे. तिचा खरेपणा पटवायला गावात एक देऊळच उभं आहे. भांडासर जैन मंदिर. भांडाशाह नावाचे तुपाचे मोठे व्यापारी. त्यांनी देऊळ बांधायला काढलं. एके दिवशी गवंडी बोलायला आला, तेव्हा शेटजींच्या तुपात माशी पडली. शेटजींनी ती चिमटीत धरून बाहेर काढली आणि तिच्या अंगाचं तूप वाया जाऊ नये म्हणून आपल्या जोड्याला पुसलं. गवंडी मनात म्हणाला, हा कसला देऊळ बांधतोय! परीक्षा पाहावी म्हणून त्यानं सांगितलं, "शेटजी, पाया शतकानुशतकं टिकायचा तर चुन्यात पाण्याऐवजी तूप घालावं लागेल." दुसऱ्या दिवशी तुपाच्या गाड्या दारात हजर! चाळीस हजार किलो तूप पायात गेलं असं सांगतात, आणि कडक उन्हाळ्यात ते अजून फरशीतून पाझरतं असंही सांगतात. मी मे महिन्यात मुद्दाम जाऊन फरशीवरून पाय ओढून पाहिले. तूप पाझरत होतं की माझे पायच वितळत होते, ते नक्की सांगता येणार नाही. देऊळ मात्र अतिशय सुंदर आहे, आणि वाळवंटात राहणाऱ्या माणसाला पाण्याचा थेंब आणि तुपाचा थेंब यांत कुठला मौल्यवान वाटतो, याची ती गोष्ट म्हणजे पक्की पावती आहे.

अशा मुलखात एखादं फळ रसाळ निघालं तर त्यासाठी लढाई होणार नाही तर काय! बिकानेर आणि नागौर या दोन राज्यांमध्ये १६४४ साली चक्क कलिंगडावरून युद्ध झालं. इथं त्याला मतीरा म्हणतात. वेल उगवला बिकानेरच्या सीलवा गावात, सरपटत गेला हद्दीपलीकडे नागौरच्या जाखणियां गावात, आणि फळ धरलं तिकडे. सीलव्याचे लोक म्हणाले, मूळ आमचं, फळ आमचं. जाखणियांचे म्हणाले, पोसलं आम्ही, फळ आमचं. फणसाच्या फांदीवरून हाच वाद कोकणात तीन पिढ्या कोर्टात चालला असता. इथं फौजा आल्या आणि माणसं पडली. गंमत अशी, की दोन्ही राजे त्या वेळी बादशहाच्या चाकरीत दूर होते. नागौरचे अमरसिंह राठोड तर त्याच वर्षी आग्ऱ्याच्या दरबारात झालेल्या चकमकीत मारले गेले. कलिंगड बिकानेरला मिळालं म्हणतात. 'मतीरे री राड' म्हणून ही लढाई अजून सांगितली जाते. ते फळ कुणी कापलं आणि आतून लाल निघालं की पांढरं, याचा मात्र कुणीच खुलासा करत नाही.

त्या वेळचा बिकानेरचा राजा कर्णसिंह. आणि इथं माझ्या इतिहास-खात्याला एकदम घरचं पत्र आलं.

कर्णसिंहांची कथा अशी, की औरंगजेबानं रजपूत राजांना अटकेपार न्यायचं योजलं. त्यामागे धर्म बाटवायचा डाव आहे अशी कुणकुण त्यांना लागली. तेव्हा कर्णसिंहांनी पुढे होऊन नदीवरच्या नावांवर कुऱ्हाड चालवली आणि सगळ्या राजांनी त्यांना 'जंगलधर बादशाह' म्हणून मुजरा केला. नावांची गोष्ट ख्यातींची आहे, पण ती पदवी बिकानेरच्या राजचिन्हावर चढली हे खरं. आणि बादशहाची मर्जी फिरली हेही खरं. गादी मुलाकडे, अनूपसिंहांकडे गेली आणि कर्णसिंहांनी शेवटचे दिवस काढले ते दूर दक्षिणेत. १६६९ साली तिथंच वारले. दक्षिणेत म्हणजे कुठं? औरंगाबादला!

मी पुस्तक मिटलं. आमच्या औरंगाबादला, ज्याचं नाव २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झालं, कर्णपुरा आहे. नवरात्रात कर्णपुऱ्याच्या देवीची जत्रा भरते. लहानपणी त्या जत्रेतल्या रहाटपाळण्यात बसून मी पोटातले पेढे कितीदा तरी धोक्यात घातले आहेत. तो कर्णपुरा या कर्णसिंहांचा! आणि स्टेशनकडे जाताना लागतो तो पदमपुरा त्यांच्या मुलाचा, पद्मसिंहांचा! ज्या गावातून मी 'कुठं या परक्या वाळवंटात आलो' म्हणून कपाळाला हात लावत निघालो होतो, त्याच गावात साडेतीनशे वर्षांपूर्वी इथला राजा 'कुठं या परक्या मुलखात आलो' म्हणून बसला असणार. त्यांच्या बदलीला 'विनंतीवरून परत' ही सोय नव्हती. वाळूची सवय असलेल्या त्या डोळ्यांना आमचा श्रावण कसा दिसला असेल? त्यांच्या माणसांनी बाजरीबरोबर ज्वारीची भाकरी खाऊन पाहिली असेल का? इतिहासाच्या पुस्तकात हे लिहिलेलं नसतं. लिहिलेलं असतं ते असं, की त्यांच्या एका मुलाचा, मोहनसिंहांचा, औरंगाबादेत एका हरणाच्या पाडसावरून तंटा झाला, त्यात तो मारला गेला आणि पद्मसिंहांनी तिथल्या तिथं सूड घेतला. ही हकिकत टॉडसाहेबानं मोठ्या रंगानं सांगितली आहे. एकूण कलिंगड काय, पाडस काय, या मंडळींना निमित्त छोटंच लागायचं.

अनूपसिंहांची उमेदही दक्षिणेतच गेली. विजापूर, गोवळकोंडा इथल्या मोहिमांवर ते मोगली फौजेबरोबर होते आणि १६९८ साली वारले तेही अदोनीला. मोगलांच्या बाजूचा सरदार म्हणजे आपल्या दृष्टीनं शत्रुपक्ष. पण या शत्रुपक्षानं दक्षिणेतून घरी काय पाठवलं? पोथ्या! लढाईच्या धामधुमीत ज्या संस्कृत पोथ्या पाण्यात किंवा आगीत गेल्या असत्या, त्या पैसे मोजून विकत घेतल्या आणि उंटांवर घालून वाळवंटात धाडल्या. देवांच्या मूर्तीही पाठवल्या. बिकानेरच्या जुनागढ किल्ल्यात त्यांचं 'तेहतीस कोटी देवतांचं' मंदिर आहे. पोथ्यांचा संग्रह अनूप संस्कृत ग्रंथालय या नावानं लालगढ राजवाड्यात जपला गेला.

आमच्या आजोळी कोकणात माळ्यावरच्या पोथ्यांना कसर लागली, उरल्या त्या वाळवीनं वाचल्या. इथल्या कोरड्या हवेत कागदाला बुरशी धरत नाही. म्हणजे ज्या कोरडेपणाला आम्ही पहिले सहा महिने शिव्या घालत होतो, ओठ फुटतात, टाचा फुटतात, सतार उतरते, त्याच कोरडेपणानं दक्षिणेतलं धन राखलं. बदली होऊन आलेल्यांत सगळ्यांत सुखात राहिल्या त्या पोथ्याच.

सौ.ला या सगळ्या इतिहासापेक्षा कोरडेपणाचा अर्थ आधी कळला होता. तिनं पहिल्याच एप्रिलमध्ये गच्चीवर उपवासाचे पापड घातले. औरंगाबादला दोन दिवस राखण करावी लागते. इथं शेवटचा पापड लाटून होईपर्यंत पहिला कडकडीत! वाळवणासाठीच वाळवंट केलं असावं असा तिचा सिद्धांत आहे. शेजारच्या काकीसा पाहायला आल्या. बिकानेर म्हणजे पापडांचं माहेर. त्यांनी आमचे पापड बोटांनी वाकवून बघितले आणि काही न बोलता घरी जाऊन आपले मुगाचे आणले. दोन राज्यांत तह झाला. भुजिया मटकीच्या पिठाचा करतात हेही सौ.ला तिथंच कळलं. महाराजा डूंगरसिंहांच्या कारकिर्दीत, १८७७ साली तो पहिल्यांदा झाला म्हणतात. जी मटकी आपण मोड आणून उसळीत घालतो तिची ही मंडळी शेव पाडतात. कारण मटकीला पाणी कमी लागतं आणि उसळीला जास्त. खाण्याच्या प्रत्येक पदार्थामागं इथं पाण्याचा हिशोब आहे. केर, सांगरी वाळवून ठेवतात, कारण हिरवी भाजी हा परवापरवापर्यंत चैनीचा विषय होता.

तो हिशोब चुकला की काय होतं, तेही इथं कुणी विसरलेलं नाही. विक्रम संवत १९५६, म्हणजे इसवी सन १८९९-१९००. पाऊसच पडला नाही. 'छप्पनिया' काळ म्हणून तो दुष्काळ सगळ्या राजस्थानात ओळखला जातो. गुरं गेली, माणसं गेली, उरली ती घरं सोडून अन्नाच्या शोधात मुलूखभर पांगली. काकोसांच्या घरात अजून ताटात अन्न टाकलं तर म्हाताऱ्या आजीसा 'छप्पनिया' एवढा एकच शब्द म्हणतात. त्यांनी तो पाहिलेला नाही. त्यांच्या सासूच्या सासूनं पाहिला असेल. पण ताट साफ होतं.

तो दुष्काळ पाहिलेला तरुण राजा म्हणजे गंगासिंह. उंटांची पलटण घेऊन जगभर लढायांना गेले, १९१९ साली व्हर्सायच्या तहावर हिंदुस्थानतर्फे सही केली, मिशा तर अशा की त्यांवर वेगळा निबंध व्हावा. पण लोक त्यांचं नाव घेतात ते पाण्यासाठी. पंजाब आणि बहावलपूर यांच्याशी वर्षानुवर्षं घासाघीस करून त्यांनी १९२० साली सतलजच्या पाण्याचा करार केला. १९२५ साली कोनशिला बसली आणि १९२७ च्या ऑक्टोबरात गंग कालव्याचं पाणी राज्याच्या उत्तर भागात आलं. वाळूत पाणी जिरून जाऊ नये म्हणून कालव्याला काँक्रीटचं अस्तर घातलं होतं. जिथं बाजरीची मारामार तिथं गहू-कापूस उभा राहिला, आणि श्रीगंगानगर नावाचं शहर. ज्याला आपण भगीरथ म्हणतो, त्यालाही बहावलपूरच्या वकिलांशी बोलावं लागलं नव्हतं.

बिकानेर शहराला पाणी मिळालं ते त्याहून मोठ्या कालव्यातून. कंवर सेन नावाच्या इंजिनिअरांनी १९४८ मध्ये त्याची कल्पना मांडली, १९५८ साली काम सुरू झालं. तेव्हाचा राजस्थान कालवा, आताचा इंदिरा गांधी कालवा. पंजाबातल्या हरिकेहून हिमालयाचं पाणी शेकडो किलोमीटर वाहत येतं आणि पंपांनी उचलून आमच्या नळाला लागतं. उन्हाळ्यात दुरुस्तीसाठी कालवा बंद ठेवतात, त्याला 'नहरबंदी' म्हणतात. तेव्हा पाणी एकाआड एक दिवस येतं आणि सगळं गाव मुलीच्या लग्नात असावं तसं टाक्यांभोवती उभं असतं.

या पाण्याची आणखी एक बाजू काकोसांच्या दुकानातल्या एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकामुळे कळली. गोरे, पहाडी वळणाचे गृहस्थ. सहज विचारलं, आपण कुठले? म्हणाले, कांगड्याचे. बियास नदीवर पोंग धरण १९७४ साली पुरं झालं, त्यात यांचं गाव बुडालं. धरणाचं पाणी राजस्थानात जायचं, म्हणून बुडालेल्यांना बदल्यात जमीन राजस्थानच्या कालव्यावर. झरे, तांदूळ आणि देवदार सोडून माणसं वाळूत आली. कित्येकांना ती मानवली नाही, कित्येकांना जमीन मिळवायलाच उभी हयात गेली. हे गृहस्थ टिकले. मी विचारलं, "गाव आठवतं?" ते म्हणाले, "उन्हाळ्यात तलावाचं पाणी उतरलं की आमच्याकडची देवळं वर येतात म्हणे." एवढं बोलून त्यांनी अर्धा किलो गूळ घेतला आणि गेले. त्या दिवशी घरी येऊन नळ सोडला तेव्हा हात जरा थबकला. मला मिळालं होतं ते बदलीचं पत्र. सामानाचं भाडं, प्रवासभत्ता आणि परतीच्या अर्जाचा नमुना यांच्यासकट. ज्याचं गाव पाण्याखाली गेलं त्यानं परतीचा अर्ज कुणाकडे करायचा?

अशा गंभीर विचारात माणसाला फार वेळ राहू द्यायचं नाही, असा या गावानं जणू ठरावच केला आहे. जुन्या शहरात चौकाचौकांत भले मोठे लाकडी पाटे ठेवलेले असतात. पाट म्हणजे जेवायला बसायचा नव्हे. एका पाटावर दहा-पंधरा माणसं आरामात बसतील, लवंडतील एवढे. ऊन उतरलं की त्यावर गावाची संसद भरते. अमेरिकेच्या निवडणुकीपासून समोरच्या घरच्या सोयरिकीपर्यंत कुठलाही विषय निकालात निघाल्याशिवाय कुणी उठत नाही. पहिल्या दिवशी मी चौकातून भराभर चाललो होतो. पाटावरून हाक आली, "साब, घर में आग लगी है क्या?" म्हटलं, नाही. "तो बैठो!" बसलो. रात्री साडेअकराला सौ. शोधायला आली. तिलाही पाटाशेजारच्या ओट्यावर काकीसांनी बसवून घेतलं. बारा वाजले.

गावाच्या वाढदिवसाची तर बातच न्यारी. वैशाख शुद्ध द्वितीयेला बिकानेर वसलं. म्हणून त्या दिवशी आणि अक्षय्य तृतीयेला सगळं गाव पतंग उडवतं. वैशाखात! दुपारी! आपण संक्रांतीच्या कोवळ्या उन्हात पतंग उडवतो आणि तरी टोपी घालतो. इथं पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर, खालून गच्ची भाजते, वरून आभाळ भाजतं, आणि सात वर्षांच्या पोरापासून सत्तर वर्षांच्या काकोसांपर्यंत सगळे "बोई काट्या!" करत नाचताहेत. मधून मधून खाली येऊन खिचडा खायचा आणि इमलाणी, म्हणजे चिंचेचं सरबत, प्यायचं. आमच्या मनात अक्षय्य तृतीया म्हणजे आमरस आणि दुपारची झोप. मी ते काकोसांना सांगितलं. ते विचारात पडले आणि म्हणाले, "आंबा ठीक आहे. पण वाढदिवशी झोपतात?"

या गावात बदली होऊन आलेल्यांमध्ये मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो एक इटालियन. लुइजी पिओ तेस्सितोरी. उदिने गावचा. हिंदुस्थान न पाहता इटलीत बसूनच त्यानं आपल्या भाषा शिकल्या, तुलसीदासांच्या आणि वाल्मीकींच्या रामायणांचा ताळा करून प्रबंध लिहिला. १९१४ साली तो इकडे आला आणि चारणांच्या पोथ्या हुडकत राजस्थानात रमला. उंटावरून गावोगाव हिंडायचा, भाटांच्या तोंडून डिंगळ काव्य ऐकायचा, पडक्या टेकाडांवर खापरं वेचायचा. कालीबंगनच्या टेकाडांवर त्याला काही मुद्रा सापडल्या. त्या सिंधू संस्कृतीच्या होत्या, पण ती संस्कृती जगाला १९२४ मध्ये ठाऊक झाली. १९१९ मध्ये आई आजारी म्हणून तो रजेवर घरी गेला; पोहोचण्याआधीच ती गेली होती. मग तो पुन्हा निघाला तो इथंच यायला. त्या साली जगभर पसरलेल्या तापानं त्याला वाटेत बोटीवर गाठलं. नोव्हेंबरमध्ये बिकानेरला पोहोचला आणि थोड्याच दिवसांत, बत्तिसावं पुरं व्हायच्या आत, इथंच वारला. त्याची समाधी गावात आहे. तिथं मी गेलो तेव्हा एक माळी झाडू मारत होता. त्याला विचारलं, "हे कोण होते माहीत आहे?" तो म्हणाला, "आपणे ही थे."

आपलेच होते. बिका आपला, कर्णपुऱ्यात वारलेला राजा आपला, कांगड्याचे म्हातारबाबा आपले. हे गाव येणाऱ्याला 'कुठून आलात' विचारतं, पण 'कधी जाणार' विचारत नाही.

ते विचारायला हेड ऑफिस आहे. गेल्या आठवड्यात माझ्या परतीच्या बदलीचा कागद आला. सौ.नं न्यायच्या सामानाची यादी करायला घेतली आहे. बिकानं जोधपूरकडून मागितली होती तेवढीच लांब. सांगरी तीन किलो, केर एक किलो, पापड, भुजिया (मामांसाठी स्वतंत्र), काकीसांनी दिलेली बांधणीची ओढणी. आजीसांनी तांब्याची लहान कळशी दिली आणि बजावलं, तुमच्या देशात पाणी फार, म्हणून सांडू नका. काकोसा मात्र काहीच म्हणाले नाहीत. त्यांनी फक्त कुंडाचं झाकण उघडून पुन्हा एकदा दाखवलं.

वाळू यादीत नाही. पण तिला विचारतो कोण! ट्रंकेच्या तळाशी, जोड्यात, सतारीच्या भोपळ्यात ती आधीच जाऊन बसली आहे. कर्णपुऱ्याला पोहोचली म्हणजे तिला तिथंही कुणी ओळखीचं भेटेलच.